डावा खिसा

लेकीने रविवारी सकाळी चहा पिता पिता जाहीर केलं की तिला घरात वाजवायला गिटारचा आवाज वाढवणारा ट्यूब ॲम्प घ्यायचाय आणि तो तिच्या बाबांनी निवडून द्यायचाय. मी तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या पँटची खालची पट्टी दुमडत होते. सुई सरळ माझ्या अंगठ्यात गेली.

"ट्यूब नाही, व्हॉल्व्ह," हे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले. "ट्यूब छताला असते."

लेकीने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. म्हणजे बघ, आहे की नाही सगळं जाग्यावर. वर्तमानपत्र तीन दिवसांपूर्वीचं होतं आणि ह्यांनी ते तिन्ही दिवस तितक्याच उत्साहाने वाचलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही. अंगठा तोंडात होता.

घरात मला सगळे भित्री म्हणतात. मी भित्री नाही, मला माहिती जास्त आहे. चौतीस वर्षं ह्यांनी गल्लीच्या टोकाच्या एका खोलीत व्हॉल्व्हचे, म्हणजे आत तापून तांबूस होणाऱ्या काचेच्या नळ्या असलेले, ॲम्प दुरुस्त केले. सभागृहांचे, गाणाऱ्या मंडळींचे, गिटारवाल्यांचे. चौतीस वर्षं मी दुपारी डबा घेऊन त्या खोलीच्या दारात उभी राहिले, आणि जे कानावर पडलं ते विसरले नाही. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये चारशे चारशे व्होल्ट खेळतात. प्लग काढला तरी ते जात नाहीत. आत कंडेन्सर नावाच्या बोटभर लांबीच्या नळकांड्या असतात, त्या करंट साठवून ठेवतात. नळ बंद केला म्हणून भरलेली टाकी काही रिकामी होत नाही, तसं.

आमच्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ह्यांच्या जोडीला काम करणारा लंबू गेला. प्लग काढून ठेवला होता. लंबूने डाव्या हाताने ॲम्पची पत्र्याची पेटी धरली आणि उजवा हात आत घातला. करंट एका हातातून शिरला, दुसऱ्यातून बाहेर पडला, आणि वाटेत काळीज होतं. इतकंच. त्याचा अर्धा चहा टेबलावर तसाच होता.

तेव्हापासून ह्यांचे दोन नियम झाले. पहिला: पेटी उघडी असली की एकच हात चालवायचा, उजवा. डावा खिशात. कितीही अडलं, स्क्रू घरंगळला, घाम डोळ्यांत गेला, तरी डावा खिशातच. दुसरा नियम माझ्यासाठी होता: काम चालू असताना हाक मारायची नाही. माणूस दचकला की हात नको तिथे पडतो. दारात उभं राहायचं, आणि हे "बोल" म्हणाले की मगच बोलायचं. कधी कधी मी वीस वीस मिनिटं "बोल"ची वाट बघत डबा धरून उभी राहिले आहे. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला हे कसं जमलं असेल, तुम्हीच विचार करा.

ह्यांच्या प्रत्येक पँटचा डावा खिसा आधी फाटायचा. मी कपडे वाढवते, कमी करते, उसवते, शिवते, त्याच्यावर हे घर निम्मं चाललं. पण सगळ्यात जास्त काम मला कुणी दिलं असेल तर त्या डाव्या खिशाने. फुकटात.

दोन वर्षांपूर्वी ह्यांनी एकाच गिऱ्हाइकाला एकच ॲम्प तीनदा "उद्या देतो" म्हणून सांगितलं, आणि तो ॲम्प आधीच त्याच्या घरी पोचलेला होता. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, जुनं टिकेल, नवं टिकणार नाही, आणि हळूहळू जुनंही जाईल. खोली बंद केली. लाजच वाटते सांगायला, पण त्या दिवशी मला झोप छान लागली. ह्या आजाराने ह्यांना मारायला वेळ लागणार होता. चारशे व्होल्टला लागला नसता.

मग मी घराचा बंदोबस्त केला. गॅसची खालची चावी रोज बंद. दाराला वरची कडी. हत्यारांची पेटी माझ्या कपाटात, चिंध्यांच्या गाठोड्याखाली. आणि गोळ्या! हे गोळी तोंडाशी न्यायचे, पाणी प्यायचे, "घेतली" म्हणायचे. महिन्यापूर्वी मी पँटी भिजत घातल्या तर डाव्या खिशातून अकरा गोळ्या निघाल्या, लगदा झालेल्या. तोंडात टाकायच्या ऐवजी हात आपला खिशात. मी मशीनवर बसले आणि चारही पँटींचे डावे खिसे वरून शिवून टाकले. दुहेरी टीप. माझी टीप उसवत नाही, असं अख्खी गल्ली सांगते.

आणि आता लेक म्हणत होती, ॲम्प.

मी तिला स्वयंपाकघरात ओढलं. लेक तीस वर्षांची आहे, कृत्रिम दात बनवण्याच्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर बारीक कानशीचा आवाज ऐकते आणि घरी येऊन कानाला हेडफोन लावून गिटार वाजवते. पंधरा वर्षं वाजवतेय. आम्हाला ऐकू येतो तो फक्त तारांचा टिकटिक आवाज.

"तुला काय दुसरं खूळ सुचलं नाही?" मी म्हणाले. "ते उघडतील त्याला."

"नाही उघडणार. फक्त निवडून देतील."

"त्यांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, ते काय निवडणार?"

"आई," ती म्हणाली, "दोन वर्षांत कुणी त्यांच्याकडे काही मागितलंय का? तू फक्त काढून घेतेस."

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणाले, दुकानात येते मी पण.

जुन्या वाद्यांचं दुकान पुलापलीकडे होतं. दुकानदार चाळिशीचा, केसांची शेपटी बांधलेला. त्याने तीन ॲम्प काढून ठेवले. एक पन्नास वॅटचा, आमच्या फ्रिजएवढा. एक पंधरा वॅटचा, नवाकोरा, चकचकीत, आठवड्यापूर्वी कारखान्यातून आल्यासारखा. आणि एक पाच वॅटचा, जुना, पुढच्या कापडाला एका कोपऱ्यात भोक पडलेला.

हे आत शिरले आणि मला माझा नवरा दिसला. खरं सांगते, दोन वर्षांनी दिसला. पाठ ताठ झाली, चष्मा कपाळावर गेला. पन्नासवाल्याकडे त्यांनी नुसतं बघितलं.

"हा मैदानासाठी आहे. घरात न्याल तर आवाज एकाच्या वर नेता येणार नाही, आणि मग म्हणाल ह्याच्यात दम नाही. व्हॉल्व्हला थोडं राबवावं लागतं, तेव्हा तो गोड बोलतो. घरात बसून राबवता येईल एवढाच घ्यायचा."

"नाकापेक्षा मोती जड," मी म्हणाले. ह्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं.

पंधरावाल्याला त्यांनी सगळीकडून वाजवून पाहिलं. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने मागच्या जाळीतून एकेका व्हॉल्व्हला हलकेच टिचकी मारली, कान लावून ऐकलं. चांगला आहे म्हणाले. काही करायला नको ह्याला. मला हायसं वाटलं. काही करायला नको, म्हणजे उघडायला नको. मी लेकीच्या दंडाला चिमटा काढला, हाच घे.

मग पाचवाला चालू केला. व्हॉल्व्ह आत तांबूस झाले. लेकीने एकच सूर वाजवला आणि दुकानदारानेसुद्धा हातातलं काम थांबवलं. लहान आवाज, पण भरलेला, कुणी आपल्याच शेजारी बसून बोलावं असा. त्याच्या मागून मात्र एक बारीक गुणगुण येत होती.

"कंडेन्सर म्हातारा झालाय," हे म्हणाले. "बदलला की गप्प बसेल. अर्ध्या तासाचं काम." मग वाकून त्यांनी मागची वायर बघितली आणि लेकीला म्हणाले, "एक लक्षात ठेव. स्पीकर जोडल्याशिवाय हा कधी चालू करायचा नाही. ह्याला भार लागतो. भार नसला की स्वतःलाच जाळून घेतो."

लेकीने माझ्याकडे बघितलं नाही. बघायची गरजही नव्हती. मला ते वाक्य लागायचं तिथे लागलं होतं.

"कुणासाठी बघतोय आपण हा?" ह्यांनी विचारलं.

"माझ्यासाठी, बाबा."

"तू वाजवतेस?" ते खरंच आनंदले. "कधीपासून?"

लेक म्हणाली, थोडे दिवस झाले. दुकानदार खाली बघून केबल गुंडाळायला लागला. तो म्हणाला, आठ दिवस घरी ठेवून बघा, नाही पटला तर पंधरावाला न्या. लेकीने पाचवाला उचलला. मी रस्ताभर त्या ॲम्पपासून हातभर लांब चालले.

दुपारी तो ॲम्प आमच्या बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर बसला होता. मी त्याच्याकडे पाठ करून मशीनवर बसले. मशीन आतल्या खोलीत, मध्ये पडदा. माझं लक्ष सगळं पाठीला होतं. लेकीने तासभर वाजवलं. चांगलं वाजवत होती, मी पंधरा वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते. पण मला गाणं ऐकू येत नव्हतं, गुणगुण ऐकू येत होती. ह्यांनाही तीच ऐकू येत असणार. दुखऱ्या दाताकडे जीभ जाते तसे ते सारखे टेबलाकडे जात होते.

"आई, मी खाली जाऊन येते," लेक म्हणाली. खालच्या मजल्यावर भूगोलाच्या निवृत्त बाई राहतात. माझ्या हातातली कात्री पडली तरी त्या झाडूच्या दांड्याने छत ठोकतात. "त्यांच्याकडे बसून ऐकते किती आवाज येतो ते. बाबा, तुम्ही नुसत्या मोकळ्या तारा छेडत राहा. पाच मिनिटं."

"पाच मिनिटं," मी पडद्यामागून बजावलं.

ती गेली. हे तारा छेडत होते. झंग. झंग. मी शिवत होते. जोपर्यंत झंग येतंय तोपर्यंत हात गिटारवर आहेत, असा माझा हिशोब. एक कॉलर शिवून होईपर्यंत येत होतं. मग मशीनच्या घरघरीत मला कळलंच नाही ते कधी थांबलं. मी पाय थांबवला. गुणगुण चालू होती. मग तीही बदलली, अर्धी झाली. मग काहीच नाही. मग खट्, म्हणजे प्लग. मग पत्रा लाकडावरून सरकल्याचा आवाज.

हत्यारं कपाटात होती. मी मान वळवून बघितलं, कपाटाला कुलूप होतं. मग माझं लक्ष माझ्या मशीनच्या ड्रॉवरकडे गेलं. तो उघडा होता. मशीनचा छोटा स्क्रूड्रायव्हर त्यात नव्हता; मघाशी मी चहा करायला उठले तेव्हाच ह्यांनी नेला असणार. अख्ख्या घरात फक्त माझं हत्यार लपवायचं मला सुचलं नव्हतं.

मी उठून पडदा बाजूला केला.

ॲम्पची मागची फळी काढून भिंतीला टेकवली होती. आतली पत्र्याची पेटी बाहेर काढून टेबलावर उलटी ठेवली होती, पोट वर करून. दोन्ही व्हॉल्व्ह काढून खुर्चीवर माझ्या घडी केलेल्या फडक्यावर ठेवले होते. गुणगुण कुठून येते ते बघायला हे नेहमी चालू ॲम्पमधून व्हॉल्व्ह एकेक करून काढत. आणि चौतीस वर्षं ऐकलेलं मला आठवलं: व्हॉल्व्ह जागेवर असले तर थोडाफार करंट पिऊन टाकतात. काढले, की टाकी भरलेली राहते.

हे टेबलावर वाकले होते. उजव्या हातात माझा तो स्क्रूड्रायव्हर, मुठीसकट अख्खा लोखंडी.

तोंडातून "अहो" निघणार, तेवढ्यात मी ते दातांत धरलं. हाक मारायची नाही. दचकले की हात आत. मी दारात उभी राहिले, जशी तेव्हा उभी राहायची, आणि ह्यांचा डावा हात बघत राहिले. तो खिशाकडे गेला.

मला बरं वाटलं. एक क्षण खरंच बरं वाटलं. म्हटलं, जित्याची खोड ती, जुनं टिकेल असं डॉक्टर म्हणालेच होते. तो हात खिशाच्या जागी गेला, बोटांनी तोंड शोधलं आणि शिवणीवरून खाली घसरला. पुन्हा गेला. पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा बोटं त्या टिपेवरून आडवी फिरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दुहेरी टीप. माझी.

मी शिवलं होतं ते. गोळ्यांसाठी. एवढ्या तेवढ्या गोळ्यांसाठी मी ह्यांचा एकुलता एक पहारेकरी शिवून टाकला होता, आणि महिनाभर मला ते सुचलं नव्हतं.

हाताला जागा मिळेना. तो थोडा वेळ मांडीपाशी लोंबकळला. मग वर आला आणि पत्र्याच्या पेटीच्या काठावर जाऊन बसला. सावकाश, कुणी दमून कट्ट्यावर बसावं तसा. उजवा हात स्क्रूड्रायव्हर घेऊन आत निघाला होता.

लंबू असाच उभा असणार. एक हात पेटीवर, एक आत.

ओरडता येत नव्हतं. धावता येत नव्हतं. मी अनवाणी होते. रबरी चपला मशीनखाली राहिल्या होत्या, तेही तेव्हाच आठवलं. करंट लागलेल्या माणसाला हात लावायचा नाही, हेसुद्धा मला ह्यांनीच शिकवलेलं. मी चार पावलं चालले. ती चार पावलं मला आजही मोजून दाखवता येतील. डाव्या बाजूला गेले, माझी बोटं ह्यांच्या पंजाखाली सरकवली आणि तो पत्र्यावरून उचलला. झोपलेल्या पोराच्या मुठीतून खेळणं काढून घेतात तसा, सावकाश. मग तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. म्हटलं, आता जे काय व्हायचं ते दोघांचं होऊ दे.

ह्यांनी मान वळवली नाही. उजवा हात मात्र थांबला, कंडेन्सरपासून चार बोटांवर. घड्याळ टिकटिकत होतं. खाली बाईंच्या घरात कुणीतरी हसलं.

"बोल," हे म्हणाले.

मी "हात खिशात," एवढंच म्हणाले.

"खिसा नाहीये," हे म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. "मघापासून शोधतोय. कुणीतरी नेला."

"मी नेला. मी शिवून टाकला."

त्यांनी ह्यावर विचार केला. मग म्हणाले, "मग तूच धर. सोडू नकोस." आणि थोड्या वेळाने, "दिवा कुठाय?"

दिवा म्हणजे एक साधा बल्ब, दोन वायरी लावलेला. वायरींची टोकं टेकवली की कंडेन्सरमधला करंट बल्बमधून निघून जातो. चौतीस वर्षं त्या दिव्याशिवाय ह्यांनी एका पेटीत बोट घातलं नव्हतं. तो हत्यारांच्या पेटीत होता, चिंध्यांखाली, कुलपात. मीच कोंडला होता.

"स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा," मी म्हणाले. त्यांनी ठेवला. आम्ही दोघं तसेच हातात हात धरून कपाटापर्यंत गेलो. मी एका हाताने कुलूप काढलं, गाठोडं ओढलं, चिंध्या जमिनीवर पसरल्या. तसेच परत आलो. लग्नातसुद्धा आम्ही एवढा वेळ एकमेकांचा हात धरला नव्हता, आणि तेव्हा मी एवढी घाबरलेही नव्हते.

ह्यांनी एका वायरीचा चिमटा पत्र्याला लावला. दुसरं टोक उजव्या हाताने आत नेलं. माझ्या हातातला त्यांचा हात थंडगार आणि स्थिर होता. मी डोळे मिटणार होते, पण मिटले नाहीत.

दिवा लागला. भर दुपारी, खिडकीतून ऊन येत असताना, लख्ख लागला. मग पिवळा झाला, लाल झाला, विझला.

"गेला," हे म्हणाले.

तो उजेड ह्यांच्या छातीतून जाणार होता. मी विझलेल्या बल्बकडे बघत राहिले.

दार उघडलं. "अहो बाबा, थांबलात का?" लेक आत येत म्हणाली. "बाई म्हणाल्या, काही त्रास नाही, उलट..." तिने उघडी पेटी बघितली, मग आमचे हात. "हे काय चाललंय?"

मी हात सोडला. मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले, आणि रडता रडता लेकीला नको ते बोलले. तिच्या गिटारला बोलले, दुकानदाराच्या शेपटीला बोलले. सगळ्यात शेवटी मी स्वतःला बोलले, आणि ते मात्र हळू बोलले. खिशाचं सांगितल्यावर तिचा चेहरा पांढरा पडला.

"उद्याच परत करते," ती म्हणाली. "पंधरावाला आणते. त्याला उघडायलाच नको. तूच म्हणत होतीस."

मी मान हलवणार होते. तेवढ्यात माझं ह्यांच्याकडे लक्ष गेलं. हे दिव्याची वायर गुंडाळत होते, आठाच्या आकड्यासारखी, त्यांच्या पद्धतीने, आणि लेकीने मघाशी वाजवलेलं काहीतरी गुणगुणत होते. मला मघाशी जे ऐकूच आलं नव्हतं ते ह्यांच्या लक्षात राहिलं होतं. निदान एवढा वेळ तरी.

अजूनही मला तो ॲम्प खिडकीतून फेकावा असं वाटत होतं. आणि मी म्हणाले, "नको. घरासाठी हाच."

"आई, वेड लागलंय का?"

"हाच. पण रविवारी उघडायचा, मी घरात असताना. बाकी दिवस कुलपात."

त्याच संध्याकाळी मी चारही खिसे उसवले. माझी टीप उसवत नाही ते खरंच, ब्लेडने बोट कापलं. गोळ्यांचं मी दुसरं केलं. आता मी समोर बसते, गोळी जिभेवर ठेवते, आणि "आ करा" म्हणते. ह्यांना राग येतो. येऊ दे.

पुढच्या रविवारी लेकीने नवा कंडेन्सर आणला. हत्यारांची पेटी मी स्वतः टेबलावर ठेवली, दिवा सगळ्यात वर. ह्यांना आधीच्या रविवारचं काही आठवत नव्हतं. "हा कुणाचा?" त्यांनी ॲम्प बघून विचारलं, आणि "तू वाजवतेस?" असं लेकीला पुन्हा आनंदाने विचारलं. मग त्यांनी प्लग काढला, फळी काढली, पेटी बाहेर सरकवली. मी दारात उभी होते, नेहमीच्या जागी, तोंड बंद करून. लेक माझ्या मागे. मी पँट सकाळीच तपासली होती. डावा खिसा मोकळा होता, आत नवं अस्तर लावलं होतं.

ह्यांनी उजव्या हातात दिवा घेतला. डावा हात खाली गेला. खिशाच्या तोंडाशी पोचला, बोटं थोडी आतसुद्धा गेली. मग बाहेर आला. आणि बाजूला, दाराच्या दिशेने, पंजा उघडून हवेत थांबला.

"बाबा, खिसा," लेक न राहवून कुजबुजली.

"खिसा नाहीये," हे म्हणाले. "ती धरते."

दोन वर्षांत नवं काहीच ह्यांच्यात टिकलं नव्हतं. डॉक्टरांचा चेहरा नाही, दाराचा नवा रंग नाही, लेकीने आणलेला ॲम्प नाही. एवढं एकच टिकलं होतं. मी नव्याने घाबरले, पूर्वी कधी घाबरले नव्हते इतकी. खिसा सदैव त्यांच्या अंगावर असायचा. मी काही सदैव असणार नाही. ज्या दिवशी मी बाजारात असेन, आजारी असेन, नसेनच, त्या दिवशी तो हात असाच हवेत थांबून राहील, आणि मग दमून कुठेतरी बसेल.

"बोल," हे म्हणाले.

मी मशीनखालच्या रबरी चपला पायात घातल्या, चार पावलं गेले आणि हात धरला.